स्वतःवर उठणाऱ्या टी पेशी : शरीर त्यांना कसे आवरते आणि काहींना का राहू देते

प्रश्न विट्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिकेचा आहे. टी पेशी म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी. त्यांपैकी शरीराच्या स्वतःच्या घटकांवर हल्ला करू शकणाऱ्या पेशी थायमस ग्रंथीत नष्ट होतात, असे त्या वर्गात शिकवतात. घरी मात्र त्यांच्या आईला पन्नाशीनंतर आमवात झाला आहे. हा नाश नेमका कसा होतो, तो होत असेल तर आमवात होतोच कसा, वयाबरोबर थायमस सुकते म्हणून असे घडते का, आणि तसे असल्यास तिला बळ देणारे काही औषध किंवा काढा आहे का, असे त्यांनी विचारले आहे. मिरजेत संधिवाताचे रुग्ण पाहताना यातला दुसरा आणि शेवटचा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो, पण त्यांचे उत्तर पहिल्या प्रश्नातून गेल्याशिवाय नीट देता येत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पाठ्यपुस्तकातले वाक्य चुकीचे नाही, पण ते अर्धे आहे. शरीर स्वतःला ओळखणाऱ्या सगळ्या टी पेशी मारत नाही आणि त्याचा तसा प्रयत्नही नसतो. उलट, शरीराच्या स्वतःच्या रेणूंना जी टी पेशी अजिबात ओळखत नाही ती थायमसमध्ये जगतच नाही. प्रश्न ‘ओळखते की नाही’ हा नसून ‘किती घट्ट ओळखते’ हा आहे, आणि ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

स्वतःवर उठणाऱ्या पेशी मुळात तयारच का होतात, हे आधी पाहू. प्रत्येक टी पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राही असतो आणि तिचे सारे ओळखण्याचे काम त्या ग्राहीच्या आकारावर अवलंबून असते. हा आकार आईवडिलांकडून तयार मिळालेला नसतो. अस्थिमज्जेतून थायमसमध्ये आलेली कोवळी पेशी ग्राहीच्या जनुकाचे तुकडे कापून ते नव्याने जोडते. हे काम आरएजी-१ आणि आरएजी-२ ही प्रथिने करतात, आणि जोडाच्या जागी काही अक्षरे यदृच्छेने घातली किंवा गाळली जातात. जगात उद्या कोणता विषाणू येणार हे शरीराला ठाऊक नसल्यामुळे प्रचंड संख्येने वेगवेगळे ग्राही बनवून ठेवणे हाच त्यावरचा उपाय आहे. पण यदृच्छेने बनवलेल्या ग्राहींपैकी काही विषाणूच्या प्रथिनावर बसतील तसे काही इन्शुलिनवर, काही मज्जातंतूच्या आवरणावर आणि काही सांध्यातील कूर्चेवरही बसणार. त्यामुळे स्वतःवर उठणाऱ्या पेशी निर्माण होणे हा बिघाड नव्हे. एवढे वैविध्य हवे असेल तर ती त्याची अटळ किंमत आहे.

थायमस छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या थोडी वर असते. १९६१ पर्यंत तिला फारसे काम नाही असेच मानले जात होते. त्या वर्षी जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढून दाखवले की अशा उंदरांच्या रक्तातील लिम्फोसाइट पेशी घटतात आणि दुसऱ्या उंदराच्या त्वचेचे कलमही ते नाकारत नाहीत. ग्रंथीचा बाहेरचा थर कॉर्टेक्स आणि आतला भाग मेड्युला. नवा ग्राही घेऊन उभी राहिलेली पेशी आधी कॉर्टेक्समध्ये असते. तिथल्या पेशी आपल्या पृष्ठभागावरील एचएलए रेणूंच्या खोबणीत शरीराच्याच प्रथिनांचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, धरून ठेवतात. ज्या टी पेशीचा ग्राही या जोडीवर अगदी सौम्यपणे तरी टेकतो तिला जगण्याचा संकेत मिळतो. ज्यांचा ग्राही कुठेच बसत नाही त्या काही दिवसांत कुणी न मारताच मरतात. पुढे संसर्गाच्या वेळी विषाणूचा तुकडाही याच एचएलएच्या खोबणीतून दाखवला जाणार असतो, त्यामुळे आपल्या एचएलएशी ज्याचे जुळत नाही असा ग्राही बाळगण्यात अर्थ नसतो. टी पेशी परक्या तुकड्याला एकट्याने ओळखत नाही, आपल्या एचएलएसह ओळखते, हे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी १९७४ मध्ये दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल मिळाले. वर्गात हा टप्पा घाईने संपवला जातो, पण शरीराच्या स्वतःच्या रेणूंशी सौम्य ओळख ही जगण्याची अट आहे, हे विद्यार्थ्यांना इथेच कळते.

नाशाचा टप्पा याच्या पुढचा. ग्राही त्या जोडीवर सौम्यपणे न टेकता घट्ट चिकटला, तर तोच संकेत मृत्यूचा ठरतो. पेशीच्या आत बिम नावाचे प्रथिन वाढते, मायटोकॉन्ड्रियाचे आवरण गळके होते, कॅस्पेस नावाची विकरे जागी होतात आणि पेशी स्वतःचाच डीएनए तोडून आक्रसते. उरलेले अवशेष शेजारच्या भक्षक पेशी सूज न येऊ देता गिळतात. थायमसमध्ये शिरलेल्या पेशींपैकी शंभरातील सुमारे दोन ते पाचच पक्व होऊन बाहेर पडतात, आणि तरीही एवढ्या मृत्यूंची बाहेर चाहूलही लागत नाही, ती या नीटनेटकेपणामुळे.

हे प्रत्यक्ष घडते याचा थेट पुरावा १९८७ मध्ये जॉन कॅपलर आणि फिलिपा मॅरॅक यांच्या गटाने दिला. विशिष्ट ग्राहीच्या टी पेशी काही जातींच्या उंदरांत थायमसमधील अपक्व पेशींत सापडतात, पण पक्व पेशींत त्यांचा मागमूस नसतो, असे त्यांना दिसले. शिकवण्यासाठी मात्र मला त्याच्या पुढच्या वर्षीचा, हराल्ड फॉन बोमर यांच्या गटाचा प्रयोग अधिक सोयीचा वाटतो. फक्त नरातच असणाऱ्या एका प्रथिनाला ओळखणारा ग्राही त्यांनी उंदरांच्या जनुकांत घातला, म्हणजे त्या उंदरांच्या बहुतेक टी पेशी तोच ग्राही घेऊन येणार. मादीत हे प्रथिन नसल्यामुळे तिथे त्या पेशी व्यवस्थित वाढल्या आणि बाहेर पडल्या. नरात तोच ग्राही ‘स्वतः’वर बसणारा ठरला आणि त्या पेशी कोवळ्या अवस्थेतच नष्ट होऊन थायमस लहानशी राहिली. ग्राही एकच असून केवळ परिसर बदलल्याने त्याचे भवितव्य बदलले. इतकी स्वच्छ मांडणी या विषयात क्वचितच मिळते.

इथे जागरूक विद्यार्थी विचारतोच की इन्शुलिन स्वादुपिंडात बनते आणि थायरोग्लोब्युलिन गळ्यातील ग्रंथीत, मग छातीतल्या थायमसमधील पेशीला ते दिसणार कसे? याचे उत्तर मेड्युलातल्या एका विशिष्ट आवरण पेशीत आहे. एआयआरई नावाच्या जनुकामुळे या पेशी एरवी स्वादुपिंड, थायरॉइड, अधिवृक्क ग्रंथी, त्वचा अशा ठिकाणीच बनणाऱ्या हजारो प्रथिनांचे थोडे थोडे नमुने स्वतः बनवतात आणि त्यांचे तुकडे टी पेशींपुढे धरतात. या जनुकाचा शोध १९९७ मध्ये लागला तो एका दुर्मीळ आनुवंशिक आजारामुळे. या आजारात मुलाच्या तोंडाला आणि नखांना बुरशीचा हट्टी संसर्ग होतो, पॅराथायरॉइड ग्रंथी निकामी होऊन कॅल्शियम घसरते आणि पुढे अधिवृक्क ग्रंथीही बाद होतात. फिनलंड, सार्डिनिया आणि इराणी ज्यू समाज यांत तो तुलनेने अधिक आढळतो. पुढे २००२ मध्ये उंदरांतील हे जनुक बंद करून पाहिल्यावर मेड्युलातील नमुने घटतात आणि अनेक अवयवांवर स्वतःचीच प्रतिकारशक्ती उठते, हे सिद्ध झाले. एकाच जनुकाच्या बिघाडाने एवढे अवयव धोक्यात येतात यावरून थायमसमधल्या या नमुन्यांचे महत्त्व कळते.

नमुन्याचे प्रमाणही महत्त्वाचे असते. इन्शुलिनच्या जनुकाआधी डीएनएचा एक पुनरावृत्त भाग असतो, त्याची लांबी माणसामाणसात वेगळी असते. ज्यांच्यात हा भाग लांब असतो त्यांच्या थायमसमध्ये इन्शुलिन जास्त बनते आणि त्यांना टाइप-१ मधुमेहाचा धोका कमी असतो. गंमत अशी की त्यांच्या स्वादुपिंडात इन्शुलिन जास्त बनत नाही. फरक पडतो तो थायमसमधल्या ‘शिकवणी’त.

तरीही हा छाननीचा मार्ग परिपूर्ण असू शकत नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. कोणतेही एक विशिष्ट प्रथिन मेड्युलातल्या शंभरातील एक ते तीन पेशीच दाखवत असतात. टी पेशी तिथे चारपाच दिवस फिरते आणि या पेशीकडून त्या पेशीकडे जात राहते. शिवाय डेन्ड्रायटिक पेशी आवरण पेशींकडून प्रथिने उचलून तेच नमुने दुसऱ्या जागी दाखवतात. तासगावला बेदाण्याच्या शेडवर पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बायका निवडायला बसलेल्या असतात. एकीच्या हातून सुटलेला काळा मणी पुढची उचलते, तरी पेटीत एखादा जातोच, आणि शेवटी एकही जाऊ नये म्हणून पट्टा फार हळू चालवला तर दिवसाचा मालच निघत नाही. थायमसची स्थिती त्याहून अडचणीची आहे, कारण तिथे निवडणाऱ्याला फक्त आपल्यासमोरचा नमुना ठाऊक असतो.

किती सुटतात, याचे मोजमाप मार्क डेव्हिस यांच्या गटाने २०१५ मध्ये माणसांच्या रक्तात केले. फॉन बोमर यांच्या उंदरांप्रमाणेच फक्त पुरुषांत असणाऱ्या प्रथिनाला ओळखणाऱ्या टी पेशी त्यांनी निरोगी स्त्रीपुरुषांत मोजल्या. पुरुषांत त्या जवळपास नसाव्यात अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या स्त्रियांच्या तुलनेत केवळ एक तृतीयांशावर आल्या होत्या. म्हणजे छाननी संख्या कमी करते, मुळापासून संपवत नाही. हे मला शरीराचे अपयश वाटत नाही. स्वतःच्या लाखो तुकड्यांवर बसणारा प्रत्येक ग्राही काढून टाकला तर त्या तुकड्यांसारखे दिसणारे जंतूंचे तुकडे ओळखणारे कुणी उरणार नाही, आणि जंतूंना ती फट शोधायला वेळ लागत नाही. थोडे धोकादायक सैनिक ठेवून त्यांच्यावर पहारा बसवणे हा त्यापेक्षा शहाणपणाचा सौदा आहे.

पहाऱ्याची गोष्ट थायमसमध्येच सुरू होते. १९६९ मध्ये जपानमध्ये असे दिसले की उंदराची थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली तर प्रतिकारशक्ती घटण्याऐवजी स्वतःच्याच अंडाशयावर उठते. हा निकाल मिलर यांच्या निकालाच्या उलट वाटतो आणि अनेक वर्षे त्याकडे काणाडोळा झाला. शिमोन साकागुची यांनी तो धरून ठेवला: निरोगी उंदराच्या टी पेशी अशा पिल्लात सोडल्या तर आजार टळतो, म्हणजे थायमसमधून थोड्या उशिरा बाहेर पडणारा, इतरांना आवरणारा टी पेशींचा एक गट असला पाहिजे. १९९५ मध्ये त्यांनी तो गट सीडी२५ या खुणेने वेगळा करून दाखवला. मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये आजारी उंदरांच्या एका जातीतून फॉक्सपी-३ हे जनुक शोधले. मुलग्यांत ते बिघडले की बाल्यावस्थेतच आतडी, त्वचा आणि स्वादुपिंड यांवर एकाच वेळी हल्ला होतो. या नियंत्रक टी पेशींच्या कामासाठी तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातली सर्वांत लक्षणीय बाब ही की नियंत्रक पेशी बहुतांशी अशाच पेशींतून घडतात ज्यांचा ग्राही स्वतःच्या रेणूंवर बऱ्यापैकी घट्ट बसतो. जगण्याची सौम्य पकड आणि मरणाची घट्ट पकड यांच्या मधल्या पट्ट्यात असलेल्या काही पेशींना मारण्याऐवजी पहारेकरी केले जाते. स्वतःला ओळखणे हाच त्यांचा कामाचा आधार असतो.

थायमसबाहेरही अनेक अडथळे आहेत. टी पेशीला लढायला केवळ ओळख पुरत नाही. समोरच्या पेशीकडून सीडी२८ मार्फत दुसरा संकेतही मिळावा लागतो, आणि तो संसर्ग किंवा इजा असल्याशिवाय सहसा दिला जात नाही. दुसऱ्या संकेताविना ओळख पटलेली टी पेशी जिवंत राहूनही निष्क्रिय होते. सीटीएलए-४ आणि पीडी-१ हे रेणू चालू झालेल्या पेशीला ब्रेक लावतात. हे ब्रेक किती खरे आहेत ते कर्करोगाच्या उपचारांत दिसते: जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल ज्या कामासाठी मिळाले, त्यातून आलेली औषधे हेच ब्रेक सोडवतात, आणि मग कर्करोगाबरोबर काही रुग्णांच्या थायरॉइड, आतडी किंवा सांध्यांवरही हल्ला होतो. आयुष्यभर निमूट राहिलेल्या, थायमसमधून निसटलेल्या पेशी त्या रुग्णांत आधीपासून होत्याच.

आता आपल्या आईंच्या आमवाताकडे येऊ. आमवातात थायमसने एखादी चूक केली असे सहसा नसते. या आजारात प्रथिनांतील आर्जिनिन या घटकाचे सिट्रुलिनमध्ये रूपांतर झालेले असते, विशेषतः दाह असलेल्या ऊतींत. हे बदललेले तुकडे थायमसमध्ये पुरेसे दाखवले गेलेले नसतात, त्यामुळे त्यांना ओळखणाऱ्या पेशी बाहेर असू शकतात. एचएलए-डीआर४ सारख्या काही प्रकारांची खोबण अशा तुकड्यांना अधिक घट्ट धरते, म्हणून तो प्रकार असणाऱ्यांत धोका वाढतो. रक्तातील अँटी-सीसीपी ही तपासणी या सिट्रुलिनयुक्त तुकड्यांविरुद्धच्याच प्रतिपिंडांची आहे आणि सांधे दुखू लागण्यापूर्वी अनेक वर्षे ती सकारात्मक असू शकते. धूम्रपानाने हा धोका वाढतो हे पक्के आहे. हिरड्यांच्या जुनाट दाहाचाही संबंध अभ्यासांत दिसला आहे. आपल्या भागात बायकांमध्ये मिश्री लावण्याची सवय अजून आहे आणि तिने हिरड्यांचे नुकसान होते, तेव्हा आई मिश्री लावत असतील तर ती सोडण्याला आमवाताची वाट पाहायची गरज नाही.

थायमसमधला नमुनाच नसला तर काय होते, याचे उदाहरण हृदयाचे आहे. हृदयाच्या स्नायूतील अल्फा-मायोसिन हे प्रथिन मेड्युलातल्या आवरण पेशी दाखवत नाहीत, हे २०११ मध्ये उंदरांत आणि माणसांत आढळले. त्यामुळे त्याला ओळखणाऱ्या टी पेशी सर्वांच्याच रक्तात असतात. एरवी त्या शांत असतात, पण घशातील स्ट्रेप्टोकोकस जंतूचे एम प्रथिन काही अंशी मायोसिनसारखे दिसते, आणि संधिवाताच्या तापात (रुमॅटिक फीवर; हा आमवाताहून वेगळा आजार) हृदयाची झडप खराब होण्यामागे हेच साधर्म्य असते. म्हणून मुलांचा घसा जंतूंमुळे दुखत असेल तर डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक पूर्ण दिवस देणे इतके महत्त्वाचे असते.

थायमस सुकते म्हणून आमवात होतो का, याचे उत्तर ‘सरळ तसे नाही’ असे आहे. थायमसचा ऱ्हास बालपणातच सुरू होतो, वयात आल्यावर वेग घेतो आणि चाळिशीपर्यंत तिच्या मोठ्या भागाची जागा चरबीने घेतलेली असते. हे निरोगी माणसांतही होते. नव्या टी पेशींचा पुरवठा घटतो, पण बहुतेक पेशींची छाननी आधीच झालेली असते आणि त्या विभागून आपली संख्या टिकवतात. मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू दुर्बळ करणाऱ्या आजारात तर थायमस काढण्याने अनेक रुग्णांना फायदा होतो, कारण त्या आजारात बिघडलेली थायमसच प्रतिपिंडांना खतपाणी घालत असते.

काढ्याबद्दल स्पष्टच सांगतो: ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ म्हणून विकले जाणारे जे काही असेल, ते आमवाताच्या रुग्णात थायमसची छाननी पुन्हा सुरू करत नाही. आमवातात प्रतिकारशक्ती कमी नसते, चुकीच्या दिशेने चालू असते. काही अनधिकृत पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते. त्याने चार आठवडे हुशारी वाटते आणि मग हाडे, साखर आणि रक्तदाब बिघडलेले रुग्ण माझ्यापर्यंत येतात. याउलट वरच्या यंत्रणेतूनच निघालेली औषधे आज उपलब्ध आहेत. अ‍ॅबाटासेप्ट हे सीटीएलए-४ चा बाहेरचा भाग वापरून केलेले औषध दुसरा संकेतच अडवते आणि आमवातात वापरले जाते. टाइप-१ मधुमेहाचा धोका असलेल्यांसाठी टेप्लिझुमॅब हे टी पेशींवर काम करणारे औषध अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झाले. त्याने आजार पूर्ण टळत नाही, पण अभ्यासात तो सरासरी सुमारे दोन वर्षे लांबला.

आपल्या आईंसाठी बहुधा मेथोट्रेक्सेट हेच पहिले औषध असेल आणि ते योग्य आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नाही. चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा आणि त्यासोबत फॉलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टरांनी सांगितल्या वाराला घ्यावी. यकृताची, मूत्रपिंडाची आणि रक्तपेशींची तपासणी ठरल्या अंतराने करावी लागते. पुढे अ‍ॅबाटासेप्टसारखे इंजेक्शन लागलेच, तर सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी, कारण टी पेशींचा जो पहारा आपण सैल करणार असतो तोच आपल्याकडच्या बऱ्याच लोकांत दबून असलेल्या क्षयजंतूंनाही धरून ठेवत असतो.